गिग कामगार

कोणत्याही मालकाच्या कायम नोकरीत नसणारा आणि भ्रमणध्वनीवरील ॲपद्वारे मिळणारे सुटे काम दरखेपेच्या मोबदल्यावर करणारा कामगार. अन्न व वस्तू घरपोच देणारे, प्रवासी वाहनांचे चालक इ. यांत मोडतात. नाशिक शहरातील सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यातील विमाधारक कामगारास राज्य कामगार विमा योजनेखाली सातपूरच्याच विमा रुग्णालयात उपचार मिळतात. त्याच रस्त्याने खेपा करणारा दुचाकीस्वार मात्र कंपनीच्या लेखी ‘भागीदार’ असल्याने या योजनेबाहेर राहतो. वाहन व इंधन यांचा खर्च त्याचा. काम कोणास द्यावयाचे व दर किती, हे मात्र कंपनीची संगणकप्रणाली ठरविते. त्यामुळे ‘भागीदार’ ही संज्ञा फसवी होय. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून) हिने केंद्रीय कायद्यात अशा कामगारांची प्रथमच व्याख्या केली आणि त्यांच्या कल्याणार्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद केली. कायम मालक नसलेल्या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी अधिनियमान्वये मंडळे नेमून मालकांवर अशीच आकारणी बसविली. तथापि तेथे मजुरीही मंडळामार्फतच मिळत असल्याने ते संरक्षण अधिक भक्कम ठरले. नव्या संहितेत गिग कामगारास किमान मोबदल्याची हमी नाही.