स्त्री-पुरुषांचें युगुलगान : दोन गळ्यांचा एक मेळ

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतील मैंदर्गी हें गांव कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा त्या भागांत कानांवर पडतात आणि त्या सुखानें शेजारीं नांदतात. दोन भाषांचा शेजार जमतो. पण एकाच भजनांत पुरुषाचा व स्त्रीचा गळा एकत्र आणावयाचा म्हटला कीं अडचण उभी राहते. मैंदर्गीसारख्या गांवीं भजनास पेटी बहुधा एकच आणि ती वाजविणाराही बहुधा पुरुषच. तो आपल्या गळ्यास सोयीची पट्टी धरतो. मग बायकांचा स्वर एक तर खर्जांत बुडतो, नाहीं तर वर चढून फाटतो. आणि थोड्या वेळानें त्या नुसता टाळ धरून बसतात. ‘मुलीला गळा नाहीं’ हा निकाल कित्येक घरांत याच रीतीनें लागतो. वास्तविक उणीव गळ्याची नसते, पट्टीची असते.

या भेदाचें मूळ शरीररचनेंत आहे. बालपणीं भाऊ आणि बहीण एकाच पट्टींत गातात. पुढें तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा कंठ फुटतो, म्हणजे त्याच्या घशांतील स्वरतंतु लांब व जाड होतात. तार जितकी लांब व जाड, तितका तिचा स्वर खालचा, हा नियम तंबोऱ्यास आणि गळ्यास सारखाच लागू आहे. बोलतांना पुरुषाच्या स्वरतंतूंचीं दर सेकंदास साधारणपणें 100 ते 125 कंपनें होतात. स्त्रीचीं सुमारें 200 होतात. गाण्यांत हें अंतर कांहींसें कमी होतें. पुष्कळसे गवई काळी एकच्या आसपास षड्ज धरतात; गायिकांस काळी तीन, काळी चार किंवा काळी पांच सोयीची पडते. म्हणजे दोघांच्या षड्जांत सामान्यतः चार-पांच स्वरांचें अंतर राहतें. हें अंतर पुरतें सप्तकाचें असतें तर प्रश्नच नव्हता. एकानें खालीं आणि दुसऱ्यानें वर तेंच गाणें म्हटलें असतें. तें मधलेंच आहे, हीच खरी अडचण.

मराठी संगीतानें या अडचणीशीं वेगवेगळ्या प्रकारें तोंड दिलें. 8 जुलै 1921 रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईंत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’ंत बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. मृदु, लडिवाळ स्वर आणि तेजस्वी, चढा स्वर यांचा तो सामना महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाहीं. परंतु दोघेही पुरुषच असल्यामुळें विरोध होता तो स्वभावाचा. ध्वनिमुद्रिकांच्या काळांत खरें युगुलगान घरोघर पोंचलें. जी. एन्. जोशी यांच्या जोडीनें ‘गांधारी हनगल’ या नांवानें ज्या गायिकेनें मराठी भावगीतें गाइलीं, त्याच पुढें किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल (1913–2009) म्हणून विख्यात झाल्या. त्यांची मातृभाषा कानडी होती. त्या काळीं त्यांचा स्वर बारीक व उंच होता. घशावरील उपचारांनंतर तो भरदार व खोल झाला.

अशा गीतांत संगीतकार बहुधा तडजोड करतो. तो मधली पट्टी निवडतो, किंवा ध्रुवपद एकास देऊन अंतरा दुसऱ्यासाठीं निराळ्या चालीनें बांधतो. तीन मिनिटांच्या गीतांत ही तडजोड खपून जाते. रागविस्तारांत ती खपत नाहीं. कारण तेथें मंद्रापासून तारापर्यंत गळा मोकळा फिरावा लागतो.

यावर पंडित जसराज (1930–2020) यांनीं काढलेली तोड विचार करण्याजोगी आहे. मेवाती घराण्याच्या या गायकांच्या नांवावरून त्या जुगलबंदीस ‘जसरंगी’ म्हणतात. त्यांचे शिष्य संजीव अभ्यंकर आणि जयपूर-अत्रौली गायकीच्या अश्विनी भिडे-देशपांडे यांनीं ती अनेक मैफलींत गाइली आहे. तिच्यांत पुरुष व स्त्री आपापल्या पट्टींत, आणि दोन निराळे राग गातात! तरीही बेसूर कांहीं होत नाहीं.

याचें रहस्य भरताच्या नाट्यशास्त्रांत वर्णिलेल्या मूर्च्छनेंत आहे. स्वर तेच ठेवून आरंभाचा स्वर बदलला कीं सप्तकाचें रूप पालटतें. हें पेटीच्या पांच काळ्या पट्ट्यांवर कोणासही पडताळून पाहतां येईल. काळी एक हा षड्ज मानून क्रमानें पांचही काळ्या पट्ट्या वाजवाव्या. सा, रे, म, प, ध असे स्वर येतात आणि दुर्गा राग उमटतो. आतां काळी तीन हा षड्ज मानून त्याच पट्ट्या वाजवाव्या; सा, रे, ग, प, ध असे स्वर येऊन भूप उभा राहतो. पुरुषाच्या दुर्गेंतील मध्यम तोच स्त्रीच्या भूपाचा षड्ज, आणि स्त्रीच्या भूपांतील पंचम तोच पुरुषाचा तार षड्ज. पट्ट्या पांचच, परंतु गळे दोन, घरें दोन आणि रागही दोन. याच रीतीनें पुरुषाच्या आभोगीशीं स्त्रीचा कलावती जुळतो.

या पद्धतीसही मर्यादा आहेत. पुरुषाच्या रागांत शुद्ध मध्यम नसेल, तर स्त्रीस षड्जच मिळत नाहीं. म्हणून पुरुषानें भूप गाऊन चालत नाहीं. स्त्रीच्या रागांत पंचम नसेल, तर पुरुषाचा षड्ज नाहींसा होतो. म्हणून तिला मालकंस घेतां येत नाहीं. शिवाय दुसऱ्याचा षड्ज कानांवर पडत असतांना स्वतःच्या षड्जापासून न ढळणें, यास मोठी तयारी लागते.

घरच्या गाण्यास एवढ्या तयारीची गरज नाहीं. मुलीची पट्टी प्रथम शोधावी. ती आपल्या षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गांधारापर्यंत न ओढतां जात असेल, तर ती पट्टी तिची समजावी. एका कडव्यास भावानें आपली पट्टी घ्यावी, दुसऱ्यास पेटीवाल्यानें बहिणीची द्यावी. एवढें केलें तरी मैंदर्गीच्या भजनांत टाळ धरून गप्प बसलेले कित्येक गळे पुन्हा गाऊं लागतील. युगुलगानांत एकानें दुसऱ्यासारखें व्हावयाचें नसतें. दोघांनीं आपापल्या ठिकाणीं राहून एकमेकांचे स्वर ओळखावयाचे असतात.