मालदांडीची अक्षरे

उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि माढा-करमाळ्याच्या काठच्या गावांत जोंधळ्याच्या रानांत ऊस उभा राहू लागला. इथला जोंधळा म्हणजे मालदांडी. त्याच जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ रब्बीत काळ्या जमिनीतल्या ओलीवरच कणीस धरते. हे त्याला कसे जमते?

ज्वारीच्या दहा गुणसूत्रांवरचा सुमारे ७३ कोटी अक्षरांचा जनुकीय मजकूर २००९ साली प्रसिद्ध झाला. तो नमुना धरून बाकीची वाणे त्याच्याशी ताडतात. समजा, एका जागी नमुन्यात ‘ए’ आहे आणि दुसऱ्या वाणात ‘जी’; तर तो फरक जागेसह नोंदतात. अशा लाखो नोंदींचे कोश संगणकावर सर्वांना खुले आहेत. एखादा फरक अवर्षण सोसणाऱ्या वाणांतच पुन्हापुन्हा आढळला, की तिथे शोध घ्यायचा. (तो निव्वळ योगायोगही असू शकतो, म्हणून शेतात पेरून पाहणे सुटत नाही.) खात्री पटल्यावर मात्र संकरित रोपाच्या पानाच्या तुकड्यावरूनच निवड करता येते, कणसाची वाट पाहावी लागत नाही.

पण अक्षरांतून जोंधळा उगवत नाही, दाणा हवा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत ज्वारीचे हजारो नमुने थंड कोठारांत जपले आहेत. ऊस आल्यावर ज्या घराने जोंधळ्याचे बी राखणे सोडले, त्याच्या वाणाचा दाणा कोणत्याच कोठारात गेला नसेल, तर ते वाण कोशातही येणार नाही.