खोक्यावर २००, फोटोत १२

सॅमसंगने फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा आणला, तेव्हा जाहिरातीतला सगळ्यात ठळक आकडा होता २०० मेगापिक्सेल. लाखाच्या वर किंमत मोजून तो फोन घेतलेल्याने पहिला फोटो काढून त्याची माहिती उघडली, तर तिथे ४००० बाय ३००० दिसते. म्हणजे १२ मेगापिक्सेल. याच फोनचा पडदा ३०८८ बाय १४४० पिक्सेलचा आहे, पण खोक्यातून काढून सुरू केला की तो चालतो २३१६ बाय १०८० वर. पैसे मोजलेल्या पिक्सेलपैकी पडद्यावरचे चाळीस टक्क्यांहून अधिक आणि कॅमेऱ्यातले सोळांत पंधरा गेले कुठे, हा प्रश्न पडणारच.

दोन्ही गोष्टी सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतात. तरी बहुतेकांनी त्या बदलू नयेत, असे माझे मत आहे. खोक्यावरचा आकडा विक्रीसाठी निवडलेला असतो. डिफॉल्ट म्हणून ठेवलेला आकडा हा फोन घडवणाऱ्या अभियंत्यांचा निर्णय असतो, आणि त्यामागे प्रकाशाचे, डोळ्याचे आणि बॅटरीचे पक्के हिशेब असतात. ते एकदा समजून घेतले की डिफॉल्ट कुठे पाळावे आणि कुठे मोडावे, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

आधी कॅमेरा. मोबाइलच्या सेन्सरला रंग कळत नाहीत, फक्त उजेड किती पडला ते कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे असतात. उरलेले रंग आजूबाजूच्या पिक्सेलवरून गणिताने काढले जातात. जास्त मेगापिक्सेलच्या आजच्या सेन्सरमध्ये या मांडणीत एक बदल आहे. एकाच रंगाचे चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल शेजारीशेजारी बसवतात आणि नेहमीच्या फोटोसाठी त्या सगळ्यांचे मिळून एक मोजमाप घेतात. जुलै २०१८ मध्ये सोनीने जाहीर केलेला ४८ मेगापिक्सेलचा आयएमएक्स५८६ चार-चारांची जोडणी करून १२ देतो. पुढच्याच फेब्रुवारीत भारतात आलेल्या रेडमी नोट ७ प्रोमध्ये तो होता आणि मध्यम किमतीच्या फोनवरही ‘४८’ झळकू लागला. एस२० अल्ट्राचा १०८ नवांची जोडणी करतो, एस२३ अल्ट्राचा २०० सोळांची. सुरुवातीचा आकडा काहीही असो, गाडी येऊन थांबते बारापाशी.

जोडणी का करायची? प्रत्येक पिक्सेल इतका लहान असतो की कमी उजेडात त्याच्यावर पडणारा प्रकाश फार थोडा असतो. त्यामुळे त्याचे मोजमाप डळमळते आणि फोटोत रंगीत दाणे दिसतात. सोनाराने एकच दागिना चार वेळा तोलून सरासरी घ्यावी, तशी शेजारच्या पिक्सेलची मोजमापे एकत्र केली की चूक कमी होते. घरातला ट्यूबलाइट, संध्याकाळचे अंगण, लग्नाचा हॉल, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे दिवे, आपले बहुसंख्य फोटो अशाच उजेडात निघतात.

दुसरे कारण भिंगाचे आहे आणि ते मला सर्वांत पटणारे वाटते. भिंग कितीही निर्दोष असले तरी प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही. प्रकाशाच्या तरंगस्वभावामुळे त्याची एक बारीक चकती होते. भिंगाचा एफ-क्रमांक आणि प्रकाशाची तरंगलांबी यांचा गुणाकार करून त्याला २.४४ ने गुणले की चकतीचा व्यास मिळतो. एस२३ अल्ट्राच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग एफ/१.७ आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन धरली तर चकती येते जवळपास २.३ मायक्रॉनची. त्याच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरवरचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा. म्हणजे भिंगाने टाकलेली एकच चकती अनेक पिक्सेलवर पसरलेली असते. सोळा पिक्सेल जोडले की बाजू होते २.४ मायक्रॉन, चकतीएवढीच. पूर्ण २०० मध्ये फोटो काढला तर तपशील थोडा वाढतो, पण सोळापट कधीच वाढत नाही. डिफॉल्ट १२ वर का ठेवले, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या शेजारात आहे.

तिसरे कारण वेगाचे. आजचा फोन एका फोटोसाठी बटण दाबण्याच्या आगेमागे अनेक चौकटी टिपतो, त्या एकावर एक जुळवतो आणि त्यांतून सावली व प्रकाश सांभाळलेला एक फोटो तयार करतो. पूर्ण रिझोल्यूशनमध्ये हा डाटा वाचायला आणि जुळवायला जास्त वेळ लागतो; पळणारे मूल तेवढ्यात चौकटीबाहेर जाते. गूगलने पिक्सेल फोनवर २०१६ पासून २०२० पर्यंत १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच सेन्सर ठेवला आणि या जुळवणीच्या बळावर त्याचे फोटो नावाजले गेले. पुढे पिक्सेल ६ मध्ये ५० मेगापिक्सेलचा सेन्सर आला, तरी साठवला जाणारा फोटो साडेबाराचाच राहिला. ॲपलही आयफोन ६एसपासून आयफोन १३ पर्यंत १२ वर होते; आयफोन १४ प्रोमध्ये ४८ चा सेन्सर आल्यावरही डिफॉल्ट १२, आणि आयफोन १५ पासून २४.

बाराच का? फोर-के व्हिडिओची चौकट ३८४० पिक्सेल रुंद असते. ४ : ३ आकाराच्या सेन्सरवर तेवढी रुंदी मिळवायची तर साधारण १२ मेगापिक्सेल लागतात. छपाईलाही हा आकडा पुरतो. इंचाला ३०० ठिपके या नेहमीच्या मापाने ४००० बाय ३००० चा फोटो तेरा इंच बाय दहा इंच छापता येतो. दिवाळी अंकाचे पूर्ण पान त्यात सहज भरते.

हा विचार नवा नाही. नोकियाने फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनात ८०८ प्युअरव्ह्यू दाखवला. सेन्सर ४१ मेगापिक्सेलचा, डिफॉल्ट फोटो ५ चा. बाकीचे पिक्सेल एकत्र करून फोटो स्वच्छ करायचा, किंवा झूम करताना मधला भाग वापरायचा, ही कल्पना त्या फोनने उघडपणे मांडली होती. आज बऱ्याच फोनमधले ‘२ एक्स’ झूम सेन्सरचा मधला तुकडा कापूनच मिळते. न वापरलेले वाटणारे पिक्सेल तिथे कामी येतात.

पडद्याचा हिशेब सोपा आहे. चांगली नजर असलेला माणूस अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखतो. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला तर तो फरक ०.०८७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे इंचाला सुमारे २९० पिक्सेल. २०१० साली स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ चा ३२६ पिक्सेलचा पडदा दाखवताना याच हिशेबाचा आधार घेतला होता. एस२३ अल्ट्रा कमी केलेल्या सेटिंगवरही ३७५ च्या आसपास असतो. पूर्ण रिझोल्यूशन ५०० वर जाते; फार तीक्ष्ण नजरेला फोन अगदी जवळ धरल्यावर फरक जाणवतो, बाकीच्यांना नाही. सोनीच्या २०१५ च्या एक्सपिरिया झेड५ प्रीमियमचा पडदा तर फोर-के होता, इंचाला ८०६ पिक्सेल, पण निवडक फोटो-व्हिडिओ सोडले तर त्यावरचे बाकी सगळे १०८०पी मध्येच रेखले जायचे. एस२० अल्ट्रावर सेकंदाला १२० वेळा बदलणारा गुळगुळीत पडदा हवा असेल तर रिझोल्यूशन कमीच ठेवावे लागे.

देवनागरी वाचणाऱ्यांना मात्र पिक्सेलची टंचाई खरोखर सोसावी लागली होती. २००३ च्या नोकिया ११०० चा पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा होता. तेवढ्यात शिरोरेषा, वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर बसवायचे म्हणजे ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसण्याचीही मारामार. रोमन अक्षरांना जे चालून गेले, ते आपल्या लिपीला चालण्यासारखे नव्हते. आजच्या साध्या फोनवरही ती अडचण राहिलेली नाही. तरीही आजी-आजोबांना अक्षर बारीक दिसत असेल तर रिझोल्यूशनला हात लावू नये; डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइज वेगळी असते, ती वाढवावी. या दोन सेटिंगची गल्लत फार घरांत होते.

व्हिडिओत डिफॉल्टचा परिणाम साठवणीवर थेट होतो. ॲपल स्वतः सेटिंगमध्ये अंदाज देते: १०८०पी, ३० चौकटींचे एक मिनिट म्हणजे सुमारे ६० एमबी, फोर-के, ६० चौकटींचे एक मिनिट सुमारे ४००. मुंजीचा तासभराचा सोहळा दुसऱ्या सेटिंगवर चोवीस जीबी खातो. आणि बघण्याच्या बाजूचे डिफॉल्ट तर सबंध देशाला एकदाच बदलून पाहता आले. २४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरची गुणवत्ता १४ एप्रिलपर्यंत ४८०पी च्या वर न नेण्याचे ठरवले. जाळ्यावरचा भार कमी करण्याचा तो सरळ मार्ग होता, कारण सेटिंग उघडून पाहणारे थोडेच असतात.

एक डिफॉल्ट मात्र मला मनापासून खटकते, आणि ते फोनचे नाही, व्हॉट्सॲपचे. तिथे साधा पाठवलेला फोटो बरीच वर्षे लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास दाबला जाई. छपाईत त्याचे होतात जेमतेम सव्वापाच इंच. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, पण डिफॉल्ट साधेच राहिले. कुटुंबाच्या ग्रुपवरून उतरवून घेतलेला आजोबांचा फोटो हीच मग पुढच्या पिढीकडे उरलेली एकमेव प्रत ठरते. अपलोड गुणवत्ता एचडी करून ठेवावी, आणि छापण्याचा किंवा जपण्याचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तो जसाच्या तसा पोचतो.

कॅमेऱ्याचे डिफॉल्ट मोडण्याचे खरे निमित्त असते स्थिर, सपाट आणि भरपूर उजेडातल्या वस्तूचे. घरातले मोडी कागद, जुना गावनकाशा, भिंतीवरचा मोठा ग्रुपफोटो. ए४ कागदाला १२ मेगापिक्सेल पुरतात, इंचाला ३४० च्या वर मिळतात. दोन फूट रुंद नकाशाला मात्र १६६ च मिळतात आणि बारीक अक्षर पुसट होते. ५० मेगापिक्सेलमध्ये तेच ३४० होतात. नकाशा खिडकीपाशी थेट ऊन न पडेल असा ठेवावा, फोन त्याला समांतर टेकवावा, मुख्य भिंग निवडावे, टायमर लावावा आणि रिझोल्यूशन वाढवून फोटो घ्यावा. काम झाले की सेटिंग परत १२ वर आणावी, कारण अनेक फोन शेवटची निवड तशीच धरून ठेवतात.