काळ्या जमिनीतील ग्रामीण मार्ग व पावसाळी निगा

शीत प्रदेशांतील ग्रामसंस्थांना हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ दूर सारण्याची व्यवस्था करावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्वेस, जालना मार्गालगतच्या शेंद्रा परिसरात बर्फ पडत नाही. परंतु ऋतुमानाने रस्ता अडण्याचा प्रश्न येथेही आहे. त्याचे कारण पावसाळी चिखल होय.

मराठवाड्यातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तीत माँटमोरिलोनाइट हे खनिज विपुल असते. पाणी मुरताच ती फुगते व तिची भारवहनशक्ती घटते. वाळताच आकसून भेगाळते. बर्फ पडल्यावर तो बाजूस लोटता येतो; भिजलेला पाया मात्र तसा दुरुस्त करता येत नाही. म्हणून येथील खरे काम मृगापूर्वीचे ठरते: मुरमाच्या पृष्ठास मध्यापासून कडांकडे शेकडा सुमारे ४ उतार देणे, साइडपट्ट्या भरणे, कडेचे चर उपसणे आणि मोऱ्यांतील गाळ काढणे.

१९५८च्या ग्रामपंचायत कायद्यान्वये गावातील रस्ते व गटारे पंचायतीकडे येतात. १९६१च्या जिल्हा परिषद कायद्यानंतर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग सामान्यतः जिल्हा परिषदेकडे आले. पाणी मात्र ही हद्द मानीत नाही. शेतात गाडी नेण्यासाठी एखाद्याने चर बुजविला, तर वरचे पाणी रस्त्यातच मुरते. तात्पर्य, डांबराच्या जाडीइतकाच ‘चर कोणी व केव्हा उपसावयाचा’ हा प्रश्नही ग्रामीण मार्गाचे आयुष्य ठरवितो.