पहिला मोठा कॅमेरा निवडताना

नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर एका फोटोला २४ × ३६ मिमी जागा मिळते. ४ × ५ इंच आकाराच्या सुट्या फिल्मचे क्षेत्रफळ याच्या सुमारे पंधरापट भरते. साहजिकच मोठा फोटो छापताना ती कमी पट वाढवावी लागते आणि बारकावे टिकतात. मात्र एका फिल्मवर एकच फोटो निघतो आणि चूक महाग पडते. मग असा पहिला कॅमेरा घेताना काय पाहावे? बरीचशी उत्तरे शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातच आहेत.

या कॅमेऱ्यात पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता असतो. काचेवरची उलटी प्रतिमा स्पष्ट करायची, मग नेमक्या त्याच प्रतलात फिल्म बसवायची.

आधी भिंग पाहू. ४ × ५ इंची फिल्मचा कर्ण सुमारे १६ सेंमी असतो. नाभीय अंतर कर्णाच्या जवळपास असले, की दृश्य फार रुंद किंवा फार अरुंद दिसत नाही. म्हणून सुरुवातीला १५० मिमीचे भिंग सोयीचे.

आता भाता. एखादे फूल मूळ आकारात टिपायचे, तर फूल आणि फिल्म दोन्ही भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर हवीत. म्हणजे भाता ३० सेंमी ताणला गेला पाहिजे. भिंग-फिल्म अंतर दुप्पट झाल्याने प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. म्हणून वेळही चौपट द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट हालचालींची. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर कलवला, की फोटोत तिच्या उभ्या कडा एकमेकींकडे झुकतात. फिल्म उभीच ठेवून नुसते भिंग वर सरकवले, तर कडा समांतर राहतात. त्यासाठी भिंगाचे प्रतिमावर्तुळ १६ सेंमीपेक्षा बरेच मोठे हवे. नाहीतर कोपरे काळे येतात. भिंग पुढे कलवले, तर पायाजवळचे गवत आणि दूरचा डोंगर एकदम स्पष्ट करता येतात. कारण भिंगाचे, फिल्मचे आणि स्पष्ट दिसणाऱ्या दृश्याचे प्रतल एकाच रेषेत मिळतात. ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या १९०४ च्या पेटंटमुळे हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

एका दांडीवर सरकणाऱ्या ‘मोनोरेल’ कॅमेऱ्यात हालचाली भरपूर, पण तो अवजड असतो. घडी होणारा ‘फील्ड’ कॅमेरा डोंगरावर नेता येतो. घरात काम करणाऱ्याने पहिला, भटकणाऱ्याने दुसरा घ्यावा, असे आम्ही सुचवू.

जुना कॅमेरा घेताना अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च लावा. सुईच्या टोकाएवढे भोकही ताऱ्यासारखे चमकेल. शटर एका सेकंदावर ठेवून घड्याळाशी ताडून पाहा.

खरेदीआधी वर्गात १५ सेंमी नाभीय अंतराचे भिंग आणि ट्रेसिंग पेपर घेऊन प्रतिमा मिळवा. भिंग सरकवा, कलवा आणि काय बदलते ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.