बालपणीचे आघात आणि प्रौढपणीचे मनोविकार

मुंबईच्या पूर्व उपनगरात, चेंबूरहून ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या मार्गावर देवनार येथे टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ साली स्थापन झालेली ही संस्था १९५४ साली येथे आली. त्यापूर्वीच, १९३७ साली, तिने मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. मुलाचे वागणे बिघडल्यास शिक्षेपूर्वी कारण शोधावे, हे बालमार्गदर्शनाचे मूलतत्त्व होय. त्याचे महत्त्व आता अधिक स्पष्ट झाले आहे.

कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे अशी पक्की समजूत होणे, ही तीव्र मनोविकाराची लक्षणे होत. अशा विकारांविषयीच्या ३६ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. बालपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, उपेक्षा वा सवंगड्यांकडून छळ सोसलेल्यांत या विकारांची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेतीन पट आढळली.

याची कारणमीमांसा अशी केली जाते : सतत भीतीखाली वाढणाऱ्या मुलाचे शरीर व मन संकटासाठी कायम सज्ज राहते. पुढे साध्या घटनेतही त्याला धोका दिसू लागतो. लहानपणी ऐकलेल्या धमक्याच कित्येकदा मोठेपणी भासांच्या रूपाने ऐकू येतात.

तथापि, आघात सोसलेल्या बहुसंख्य मुलांना असा विकार होत नाही. आनुवंशिकता व इतर कारणेही असतात. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या आईवडिलांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. विश्वासाने बोलता येईल असे एक जरी वडीलधारे माणूस लाभले, तरी मुलाला मोठा आधार मिळतो.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. केंद्र शासनाच्या २००७ सालच्या पाहणीत महाराष्ट्रासह १३ राज्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसल्याचे आढळले. हुशार मूल एकाएकी मागे पडणे, हात उगारताच दचकणे, घरी जाण्यास टाळाटाळ करणे, या खुणा शिक्षकाच्या नजरेतून सुटता कामा नयेत. अशा मुलाला चारचौघांत प्रश्न न विचारता एकांतात, शांतपणे ऐकून घ्यावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली याच संस्थेचा उपक्रम म्हणून मुंबईत सुरू झाली. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

प्रौढ व्यक्तीस भास होऊ लागल्यास गावात भूतबाधेची चर्चा सुरू होते आणि उपचारास विलंब होतो. भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. अशा वेळी पंचायत सदस्यांनी पुढाकार घेऊन रुग्णास जिल्हा रुग्णालयात पोहोचवावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. वेळीच उपचार झाल्यास अनेक रुग्ण पुन्हा कामधंद्याला लागतात. आणि मुलाचे वेळीच ऐकून घेतल्यास काहींवर ती वेळच येणार नाही.