वाचताना अडणारे मूल

बाजारातला हिशेब तोंडी चटकन सांगणारा, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी म्हणून दाखवणारा मुलगा चौथीत गेला तरी धड्यातली एक ओळ सरळ वाचीत नाही. ‘भ’ला ‘म’ म्हणतो, ‘ध’च्या जागी ‘घ’ लिहितो, काना-मात्रा गाळतो, जोडाक्षर आले की थबकतो. घरचे म्हणतात, आळशी आहे. शाळेत म्हणतात, लक्ष नाही. रोजची बोलणी खाऊन असे पोर शाळाच सोडते.

श्रोतेहो, अशा मुलाला दिसते नीट का, ऐकू येते का, शाळा फार बुडली आहे का, हे आधी पाहावे. तसे काही नसेल तर ही अध्ययन अक्षमता असू शकते. तिच्यातल्या वाचनाच्या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी शाबूत असते, पण कानावरचा ध्वनी आणि डोळ्यांपुढचे अक्षर यांची सांगड सहज बसत नाही. यावर गोळी नाही, अंगारा तर नाहीच.

मग जावे कुठे? गुरुजींनी तालुक्याच्या गटसाधन केंद्राला कळवावे. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची मदत तेथून मागता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासणीला येतात, त्यांनाही मूल दाखवावे. ते पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. ती ४० टक्के वा अधिक ठरली तर प्रमाणपत्रावर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. अर्ज शाळेमार्फत, वेळेवर करावा.

आता पालक या कागदासाठीच हेलपाटे घालतात, आणि कागद हाती आला की थांबतात. पण कागदाने वाचता येत नाही. त्यासाठी रोज अर्धा तास वेगळे शिकवावे लागते. ताटात वाळू पसरावी, मुलाने बोटाने ‘भ’ गिरवावा आणि गिरवताना आवाज मोठ्याने काढावा. तो पक्का होईपर्यंत ‘म’ समोर आणूच नये. मग कालचे अक्षर आजच्याशी जोडावे. तेच पान दहादा उतरवून काढायला लावणे ही नुसती शिक्षा होय, शिक्षण नव्हे.

आईला अक्षरओळख नसली तरी ध्वनीचा खेळ तिला घेता येतो. भाकरी थापता थापता विचारावे, “‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं रे?” पोर ‘मळ’ म्हणाले की पुढचा शब्द द्यावा.